नियोजन गट बसवताना उठवण्याची तारीखही लिहा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

धान बांधीतून घरी आला की गडचिरोली-चंद्रपूरकडच्या ग्रामसभांमध्ये पुढच्या तेंदू (विडीच्या पानांच्या) हंगामाची बोलणी सुरू होतात. आठ-दहा गावांनी मिळून तात्पुरता नियोजन गट बसवायचा, ही पद्धत आता बरीच रुळली आहे. असे गट हवेतच. एकट्या गावाच्या शे-दीडशे गोण्यांसाठी मोठा कंत्राटदार फिरकत नाही, फिरकला तर भाव तोच सांगतो. मात्र गट कसा बसवायचा आणि काम झाल्यावर कसा उठवायचा, यावर कोणी लिहीत नाही, म्हणून हे पत्र.

गट ग्रामसभेचा मदतनीस आहे, एवढे आधी सगळ्यांच्या डोक्यात पक्के असावे. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ही वाटणी फार आधी करून ठेवली आहे. अभ्यासगट माहिती काढतो, सगळ्या बाजूंनी चर्चा करतो. निर्णय ग्रामसभा घेते आणि तोही सर्वसहमतीने. नियोजन गटालाही हेच लागू करावे. प्रत्येक ग्रामसभेतून एक बाई आणि एक पुरुष, म्हणजे दहा गावांचे वीस जण पुरे. ग्रामसभेच्या संमतीच्या ठरावात चार गोष्टी लिहाव्यात: गटाचे काम कोणते, कोणते काम त्याने करायचे नाही, खर्चाची वर्गणी किती आणि गट कोणत्या तारखेला संपणार. नोव्हेंबरात बसलेला गट 30 जूनला उठावा. गटाच्या नावाने बँकेत खाते नको, शिक्का नको, लेटरपॅड तर मुळीच नको. वर्गणीचा हिशेब कोणत्या तरी एका ग्रामसभेच्या वहीत ठेवला तरी भागते. शिक्का झाला की कंत्राटदाराला वीस माणसांपैकी दोघांनाच भेटले तरी चालते, आणि तिथूनच बिघाड सुरू होतो.

सभा कोणती, याचा घोळ नेहमीचा आहे. आपल्याकडे गट ग्रामपंचायती पुष्कळ. चार-पाच गावांची मिळून एक पंचायत असते, पण सामूहिक वनहक्काचा (गावाने मिळून जंगल वापरण्याच्या आणि राखण्याच्या कायदेशीर हक्काचा) दावा आणि पट्टा बहुधा एकेका गावाचा. ‘आमचं गाव आमचा विकास’चा आराखडा पंचायतीचा, जंगलाचा आराखडा गावाच्या ग्रामसभेचा. तेंदूचा ठराव पंचायतीच्या प्रोसिडिंगमध्ये लिहिला गेला, तर पुढे वाद झाल्यावर तो कोणाचा म्हणायचा, हा प्रश्न उभा राहतो. गावाची स्वतंत्र ठराव वही असावी आणि ठराव तिथेच लिहावा. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, हीही वेगळी आहे. वनहक्क नियमांच्या 2012 च्या दुरुस्तीनंतर ग्रामसभेचे निम्मे सभासद हजर लागतात आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश बाया. गावात 180 प्रौढ असतील तर 90 जण हवेत आणि नव्वदच आले तर त्यांत निदान 30 बाया. धान कापणीच्या दिवसांत दुपारी बारा वाजता सभा ठेवली तर हा आकडा होत नाही. मार्चअखेरीस मोहफुलाच्या वेळी सकाळची सभाही वाया जाते. मग कोरे पान फिरवून सह्या घेतल्या जातात. त्या पानावर नंतर काय लिहिले जाईल, हे सांगायला नको. संध्याकाळी जेवणाआधी, टोल्याच्या (वस्तीच्या) मधोमध सभा ठेवावी, आदल्या दिवशी बायांची वेगळी सभा घ्यावी आणि मसुदा गोंडीतही वाचून दाखवावा. मराठी मसुद्यावर गप्प बसलेले लोक गोंडीत लगेच प्रश्न विचारतात.

आता कराराकडे, कारण खरी कसोटी तिथे लागते. महाराष्ट्रात एका पुडक्यात 70 पाने आणि एका प्रमाण गोणीत 1000 पुडके, म्हणजे 70 हजार पाने धरतात. मजुरी शेकडा पुडक्यांवर ठरते, स्वामित्वशुल्क (पानांच्या मालकीपोटी गावाला मिळणारी रक्कम) गोणीवर. कंत्राटदार बोलताना दोन्ही आकडे मिसळून एकच मोठा आकडा सांगतो. गटाने ते सुटे करून फळ्यावर मांडावेत. गोण्यांचा अंदाज मागच्या तीन हंगामांच्या फळीच्या (पुडके जमा करण्याच्या जागेच्या) नोंदवहीवरून काढावा. फुगवलेला अंदाज लिहिला की कंत्राटदार शेवटी कमी गोण्यांचे कारण पुढे करून भाव पाडतो. फळीवर शेकड्यामागे दोन-चार पुडके जास्तीचे घेण्याची रीत असेल तर ती करारात लिहून बंद करावी. पाने खराब म्हणून पुडके बाजूला काढायचे असतील तर ते त्याच संध्याकाळी, तोडणाऱ्या बाईसमोर आणि गावाच्या माणसासमोर. दुसऱ्या दिवशी चेकर (पाने तपासणारा) एकटाच ठरवणार नाही.

पैशाचा क्रम सगळ्यात महत्त्वाचा. बोली मंजूर झाल्यावर सुरक्षा ठेव, तोडणी सुरू होण्याआधी पहिला हप्ता, मजुरी दर आठवड्याला, आणि उरलेले स्वामित्वशुल्क माल फळीवरून उचलण्याआधी. हा क्रम उलटला की गावाच्या हातात काही उरत नाही. 2017 साली बोल्या चढल्या आणि पुढच्याच हंगामात पडल्या. माल आधी देऊन बसणाऱ्या गावाचे अशा पडत्या वर्षी काय होते, ते वेगळे सांगायला नको. ग्रामसभेकडे एक बळ आहे, ते पुष्कळ गावे वापरत नाहीत. 2012 च्या दुरुस्तीनुसार वाहतूक परवाना ग्रामसभेची व्यवस्थापन समिती देते. पैसे खात्यात जमा झाल्याशिवाय परवाना पुस्तकातून फाडून द्यायचा नाही, एवढा नियम पाळला तरी पुष्कळ थकबाकी टळते. मात्र परवाना पुस्तकावर आधीच सह्या करून ते फळी मुन्शीकडे (फळीवर हिशेब लिहिणाऱ्याकडे) ठेवलेले असेल तर सगळा करार कागदावरच राहतो. गटाने हे पुस्तक कधीही आपल्या हातात घेऊ नये.

वेळापत्रक जवळपास ठरलेले आहे: डिसेंबरात ठराव, जानेवारीत जाहिरात आणि बोली, फेब्रुवारी-मार्चमध्ये खुटकटाई (कोवळी पाने फुटावीत म्हणून झुडपांची छाटणी) आणि जाळरेषा (वणवा अडवणारे मोकळे पट्टे), एप्रिलच्या मध्यापासून मे पर्यंत तोडणी. बोली फेब्रुवारीअखेर गेली की खुटकटाई राहते, पाने जाड आणि रांठ येतात आणि भाव आपोआप उतरतो. चांगली पाने यावीत म्हणून जंगलाला आग लावली जाते, हेही सगळ्यांना माहीत आहे. आग लागलेल्या भागातली पाने घेणार नाही, अशी अट करारात टाकता येते. कंत्राटदार कुरकुर करेल, करू द्यावी.

इथे एक गोष्ट राहून जाते. गटाचे नावच ‘तेंदू नियोजन’ असले की तेंदू तोडायचाच, हे गृहीत धरले जाते. गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावने तेंदू तोडायचा नाही असे ठरवले. फांद्यांची तोड आणि वणवा ही त्याची कारणे. त्यांनी बांबूवर भर दिला. प्रत्येक गावाला ते जमेल असे नाही. ज्या घराचा पावसाळ्यापर्यंतचा खर्च तेंदूच्या मजुरीवर चालतो, त्या घराला हा सल्ला देणे सोपे नाही. पण गटाने ग्रामसभेपुढे जो कागद ठेवायचा, त्यात ‘यंदा तोडायचा नाही’ हाही पर्याय हिशेबासकट असावा.

आता गट मोडण्याबद्दल. कोरची तालुक्यात ग्रामसभांची महाग्रामसभा आहे, ती कायमची आणि वेगळ्या कामासाठी. तसे काही उभारायचे असेल तर त्याचा स्वतंत्र ठराव करावा. हंगामापुरता बसलेला गट हळूहळू महासंघ होऊन बसू नये. शेवटच्या बैठकीत प्रत्येक ग्रामसभेला तिच्या कराराची प्रत, फळीच्या नोंदी, दिलेल्या परवान्यांची यादी आणि थकीत रकमेचा तपशील द्यावा. थकबाकी वसूल व्हायची आहे म्हणून गटाला मुदतवाढ मागितली जाते. ती देऊ नये. वसुलीची नोटीस ज्या ग्रामसभेचे पैसे आहेत तिनेच द्यावी.

आपल्याकडे एक मागणी आहे. दहा ग्रामसभांची संयुक्त बोली असली तरी जाहिरातीत प्रत्येक गावाचे नाव, अंदाजित गोण्या आणि बोलीची तारीख स्वतंत्र छापावी लागते. जागा जास्त लागते म्हणून गावे मजकूर कापतात आणि बाहेरच्या बोलीदाराला गोण्या किती, हेच कळत नाही. डिसेंबर-जानेवारीत ग्रामसभांच्या अशा जाहिरातींसाठी आपल्या दैनिकाने वेगळा, परवडेल असा दर ठेवावा आणि तो तालुक्याच्या वार्ताहरांना आधीच कळवावा.

आपले,
ग्रामसभांसोबत काम करणारे काही वाचक,
ता. कुरखेडा, जि. गडचिरोली