सोमवारी या, हिशेब देतो

मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

अंधेरी एमआयडीसीतल्या एका प्लास्टिक कारखान्यात मी १९ वर्षं पॅकिंगला होते. एका शनिवारी सुट्टीच्या वेळेला आम्हा अकरा जणींना केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर टाइप केलेले इंग्रजी कागद होते. "सह्या करा, सोमवारी येऊन फुल अँड फायनल हिशेब घेऊन जा." एकीने मोबाइलवर फोटो काढला म्हणून बरं. घरी मुलीने तो वाचला, तेव्हा कळलं की आम्ही राजीनामे दिले होते.

साहेब, सगळी मेख त्या सहीत आहे. मालकाने कामगार कमी केला तर प्रत्येक पूर्ण वर्षामागे १५ दिवसांच्या पगाराची भरपाई द्यावी लागते. राजीनामा 'स्वखुशीने' झाला की ती गेली.

ग्रॅच्युइटी, म्हणजे इतकी वर्षं काम केल्याबद्दल नोकरी सुटताना मिळणारी रक्कम, मात्र राजीनाम्याने बुडत नाही. मुलीने वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. शेवटचा मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १८,२०० रुपये. भागिले २६, म्हणजे दिवसाचे ७००. पंधरा दिवसांचे १०,५००. एकोणीस वर्षांचे १,९९,५००. एवढी रक्कम मी आयुष्यात एकदम पाहिलेली नाही. ती ३० दिवसांत द्यायची, उशीर झाला तर व्याजासकट, असं कायदा सांगतो. राहिलेला पगार तर २०१९ च्या वेतन संहितेप्रमाणे कामाच्या दोन दिवसांत मिळायला हवा, राजीनामा दिला असला तरी. मला सात महिने झाले. गेटवरचा वॉचमन लांबूनच हात हलवतो, "ताई, साहेब नाहीत."

माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. कामावरून जाणाऱ्याच्या हातात त्याच दिवशी मराठीत लेखी हिशेब पडावा: पगार, शिल्लक रजा, बोनस, ग्रॅच्युइटी, सगळं वेगवेगळं. आणि एका कारखान्यातून एकाच दिवशी इतके राजीनामे आले तर कामगार अधिकाऱ्याने आम्हाला, मालकाला नव्हे, आधी विचारावं.

तक्रार करा, असं सगळे सांगतात. पण आमच्यातल्या सात जणींनी नाद सोडला. त्या आता धुणीभांडी करतात; वांद्र्याला कामगार भवनात जायचं तर खाडा पडतो, आणि दोन खाडे झाले की काम दुसरीला जातं. म्हणून आमच्या अर्जाची वाट न पाहता तुमच्या अधिकाऱ्यांनीच कारखान्यात जाऊन हजेरीपट तपासावा. आमची अकरा नावं त्यात सापडतील.

आपली,
एक पॅकिंग कामगार,
जोगेश्वरी (पूर्व), मुंबई