‘पुढे चालू’वर रागावलेल्या मित्राला

सांगली

प्रिय मन्या,

तुझा लांबलचक संताप वाचला. ‘अक्रॉस द स्पायडर-व्हर्स’ हा अनेक विश्वांतल्या स्पायडरमॅनांचा ॲनिमेशनपट तू चिरंजीवांबरोबर पुन्हा पाहिलास आणि पुन्हा पहिल्याइतकाच चिडलास, हे वाचून मला खरं म्हणजे आनंदच झाला. नाहीतर हल्ली आपण दोघं गुडघेदुखी आणि गृहकर्ज यांच्यापलीकडे बोलतो कुठे? तेव्हा मीही सविस्तर लिहितो. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस.

शेवटाबद्दलचा तुझा राग मला पूर्ण मान्य आहे. माइल्स, म्हणजे यातला पोरसवदा स्पायडरमॅन, भलत्याच विश्वात अडकलाय, समोर त्याचाच दुसरा अवतार उभा आहे, वडिलांचा जीव धोक्यात आहे, आणि पडद्यावर ‘पुढे चालू’! आमच्या इथे थिएटरात दिवे लागले तरी पोरं खुर्च्यांवरून उठेनात. एकाने शिट्टी मारली, बाकीचे एकमेकांकडे बघत बसले. बऱ्याच जणांना ठाऊकच नव्हतं की हा अर्धा भाग आहे. डिसेंबर २०२१ मध्ये पहिली झलक आली तेव्हा नावापुढे ‘पार्ट वन’ असं स्पष्ट लिहिलं होतं. पुढच्याच वर्षी ते काढून टाकलं आणि दुसऱ्या भागाला ‘बियॉन्ड द स्पायडर-व्हर्स’ असं वेगळं नाव दिलं. ते दोन शब्द नावात राहिले असते तर निम्मा राग तिथेच विरघळला असता. शिवाय २०१८ चा पहिला सिनेमा स्वतःत पूर्ण होता, त्याला ऑस्करही मिळालं होतं. लोक त्याच अपेक्षेने आले होते.

कीर्तनाला बसलेल्या माणसाला पूर्वरंग संपला की उत्तररंग येणार हे माहीत असतं, आणि तो त्याच रात्री येतो. इथे उत्तररंग मार्च २०२४ ला येणार होता. जुलै २०२३ मध्ये, हॉलिवूडच्या कलाकारांचा संप चालू असताना, तो वेळापत्रकातूनच निघाला आणि आता २०२७ चा जून सांगताहेत. तुझा मुलगा दरम्यान किती वाढला ते तूच बघ. एवढं थांबवायचं तर आधी सांगायला हवं होतं, यात दुमत नाही.

पण ‘कथा कुठेही तोडलीय’ हे तुझं म्हणणं मला पटत नाही. सिनेमा सुरू कुणापासून होतो ते आठव. माइल्सपासून नाही, दुसऱ्या विश्वातल्या ग्वेन स्टेसीपासून. ती ड्रम बडवतेय आणि तिचं घर तुटतंय. वडील पोलीस कॅप्टन. ज्या स्पायडर-वूमनला ते खुनी समजून शोधताहेत ती त्यांचीच लेक. आणि शेवटी ती परत त्याच घरी येते, वडिलांसमोर उभी राहते, तेव्हा ते सांगतात की मी नोकरी सोडली. ग्वेनची गोष्ट तिथे पुरी होते. म्हणून हा सिनेमा मी ग्वेनचा मानतो. माइल्सचा अजून यायचाय.

त्या दोन्ही प्रसंगांतले रंग तू पाहिलेस का नीट? मी मुलांना जलरंग शिकवतो, त्यामुळे माझी नजर तिथेच अडकली. ग्वेनच्या जगात भिंतींना पक्का रंगच नाही. बाप-लेकीत दुरावा असतो तेव्हा मागचे रंग थंड पडतात, ओघळतात, कागद जास्त ओला झाल्यावर ओघळतात तसेच. तो नोकरी सोडल्याचं सांगतो आणि खोली उजळत जाते. संवाद बंद केले तरी त्या दोघांचं काय चाललंय ते कळावं. आठवीच्या वर्गाला मी ती दोन दृश्यं दाखवली आणि सांगितलं, आता आई रागावली असताना आपलं स्वयंपाकघर कसं दिसतं ते रंगवा. एका मुलीने ओटा निळा केला आणि फक्त गॅसची ज्योत लाल ठेवली. तिचा कागद मी अजून जपून ठेवलाय.

आता आपलं खरं भांडण, मिगेलवरून, म्हणजे सगळ्या स्पायडरमॅनांच्या त्या म्होरक्यावरून. त्याच्या नियमाप्रमाणे प्रत्येक स्पायडरमॅनच्या आयुष्यात जवळचा एक पोलीस कॅप्टन मरायलाच हवा, माइल्सचे वडीलही; नाहीतर ते विश्व कोसळतं. तू लिहिलंयस, ‘मिगेल बरोबर आहे. स्पायडरमॅनच्या आयुष्यात काही मृत्यू ठरलेले असतात. ते काढले तर उरतो फक्त उड्या मारणारा पोरगा.’ मन्या, तू एकटा नाहीस. कॉमिक्स वाचणाऱ्या फार लोकांना मिगेलच पटला. त्यामागे कारणही आहे, कारण मिगेल जे सांगतो ते सिनेमावाल्यांनी हवेतून आणलेलं नाही. मूळ कॉमिकमध्ये स्पायडरमॅनचे काका, अंकल बेन, गेले ते १९६२ च्या पहिल्याच गोष्टीत. ग्वेनचे वडील, पोलीस कॅप्टन स्टेसी, १९७० च्या अंकात गेले. वर मारामारी चालू, खाली ढिगारा कोसळतोय, एका लहान मुलाला वाचवताना ते त्याखाली सापडले. आणि १९७३ मध्ये खुद्द ग्वेन गेली. वाचकांच्या दोन-तीन पिढ्या या मृत्यूंवर रडल्या आहेत. त्या दुःखाला कुणी हात लावला की आपलंच काही हिरावून घेतल्यासारखं वाटतं. तुझ्या पत्रातला तो सूर मला ओळखू आला आणि त्याचा मला आदर आहे.

तरीही मी माइल्सच्या बाजूचा आहे. मिगेल त्याला काय म्हणतो? तू चूक आहेस, तू स्पायडरमॅन व्हायलाच नको होतास. हेच वाक्य या पोराला आधी कुणी ऐकवलंय ठाऊक आहे? चाहत्यांनी. २०११ मध्ये ब्रायन मायकल बेंडिस आणि सारा पिकेली यांनी माइल्स मोरालेस हा आफ्रिकी-अमेरिकी बाप आणि प्वेर्तो रिकोची आई असलेला मुलगा त्या पोशाखात उभा केला, तेव्हा कितीतरी वाचकांनी तो आमचा नाही म्हणून आरडाओरडा केला होता. एका बाजूला शेकडो स्पायडरमॅन आणि एका बाजूला तो एकटा, अशी ती धावाधाव बघताना मला तोच आरडाओरडा ऐकू येत होता. लेखकांनी चाहत्यांचा आक्षेप उचलून थेट कथेच्या मध्यभागी ठेवला. याहून प्रामाणिक उत्तर काय देणार? आणि नियम मोडला म्हणून जग बुडतंच असं नाही, हे ग्वेनच्या बापाने राजीनामा देऊन दाखवलंच आहे की. कॅप्टन मरायचा असतो, पण तो कॅप्टनच राहिला नाही!

आपण तर अशा देशातले, जिथे नाथांनी रामकथा आपल्या परीने सांगितली, श्रीधरांनी आपल्या परीने, आणि प्रत्येक गावच्या हरदासाने तिच्यात आपलं काही घातलं. गोष्ट एकाच रीतीने घडली पाहिजे हा हट्ट आपल्या अंगवळणी पडलेला नाही. म्हणूनही असेल, तुझं मिगेलच्या बाजूने जाणं मला जरा लागलं.

मुंबॅटन, म्हणजे मुंबई आणि मॅनहॅटन मिळून केलेलं सिनेमातलं शहर, आणि तिथला भारतीय स्पायडरमॅन पवित्र यांच्याबद्दल तू दोनच ओळी लिहिल्यास, ‘पवित्र आवडला, फार थोडा दिसला.’ इथे मात्र मला तुझ्याशी खूप बोलायचंय.

पवित्र प्रभाकर २००४ मध्ये कॉमिकमध्ये पहिल्यांदा आला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि चित्रकार जीवन कांग यांनी तो घडवला. चारच अंक निघाले. त्यातला पवित्र खेड्यातून मुंबईत आलेला, धोतर नेसणारा, शाळेत टिंगल होणारा मुलगा. शक्तीही कोळी चावून नाही, एका योग्याकडून मिळते. सिनेमातला पवित्र कुणाच्या टिंगलीला भीक घालत नाही. तो स्वतःवर खूश आहे, आपल्या शहरावर खूश आहे, ‘चाय टी’ म्हणणाऱ्याला तोंडावर सुनावतो, आणि शहर दाखवता दाखवता इंग्रजांनी आमच्या वस्तू चोरल्या हेही हसत हसत बोलून जातो. त्या वाक्याला आमच्या थिएटरात झालेला गजर तू ऐकायला हवा होतास.

आणि ते शहर! कलादिग्दर्शनातल्या लोकांनी इंद्रजाल कॉमिक्सचा आधार घेतला होता. म्हणजे आपला वेताळ, आपला बहादूर! तुझ्या मामांच्या माळ्यावरच्या ट्रंकेत जे गठ्ठे होते, तेच. त्या स्वस्त छपाईत लाल रंग रेषेबाहेर सरकायचा, कडा दुहेरी दिसायच्या, आणि आपल्याला वाटायचं वेताळ हलतोय. हा रंगांचा उत्साह मला जगातल्या सगळ्यात महागड्या पडद्यांवर दिसला आणि माझे डोळे भरून आले.

एकच गोष्ट खटकली. भारतात तो दहा भाषांत आला, त्यात मराठीही होती. पण आमच्याकडे लागला हिंदीत. तिथे पवित्रला शुभमन गिलचा आवाज होता, पोरं त्यावर खूश होती. मला मात्र मुंबईच्या नावाच्या शहरातला तो मुलगा मराठी बोलताना ऐकायचा होता.

तर मुद्दा असा. दिग्दर्शकांनी मुलाखतींत सांगितलंय की मुंबॅटनचा भाग आधी असा नव्हताच. त्यांच्याच चमूतल्या भारतीय वंशाच्या कलाकारांना तो आपला वाटला नाही. तसं त्यांनी सांगितलं आणि तो भाग बदलून पुन्हा केला गेला. आज आपल्याला आवडतो तो पवित्र या फेरबदलातून आलाय. मला हे फार मोलाचं वाटतं. कुणीतरी धीर करून म्हणालं की आम्ही असे नाही, आणि वरच्यांनी ते ऐकलं.

पण सिनेमा लागून महिना व्हायच्या आत, जून २०२३ मध्ये, एका अमेरिकी नियतकालिकात या सिनेमावर काम केलेल्या चौघांनी नाव न देता आपली कहाणी सांगितली. पूर्ण झालेली दृश्यं पुन्हा पुन्हा बदलायला यायची. दिवसाला अकरा-अकरा तास, आठवड्याचे सातही दिवस, वर्षाहून अधिक काळ. सुमारे शंभर कलाकार काम संपायच्या आधीच सोडून गेले, असं त्यांनी सांगितलं. निर्मात्यांनी ते मानलं नाही. मोठा सिनेमा असाच घडतो, फेरबदल हा त्याचा भागच असतो, असा त्यांचा सूर होता. सुमारे हजार माणसं त्या सिनेमावर राबली होती, मन्या. ज्या फेरबदलांनी पवित्रला आपला केला, त्याच फेरबदलांच्या सवयीने ही माणसं पिळून निघाली. तेव्हापासून तो भाग मी आनंदाने पाहतो आणि मध्येच घास अडकल्यासारखा होतो.

माझी एक जुनी विद्यार्थिनी मुंबईत एका स्टुडिओत रोटोचं काम करते. एकेका चौकटीतल्या माणसाची कड हाताने कापून वेगळी करायची, केसांसकट. दिवाळीत घरी आली होती. मी तिला हे वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “सर, करेक्शन आलं की वाईट नाही वाटत. अप्रूव्ह झालेला शॉट तीन आठवड्यांनी परत आला की वाटतं, आपण त्या रात्री जागलोच कशाला?” मनगटाला पट्टा बांधून आली होती ती. आठवीत असताना तिच्याइतकी मोकळी रेघ माझ्या वर्गात कुणाची नव्हती.

म्हणून पुढच्या भागाला उशीर झाला यावर सगळे चाहते ओरडत होते तेव्हा मी ओरडू शकलो नाही. शेवटावरून रागवायचं तर रागवू, मिगेल की माइल्स यावरून रात्रभर भांडू, पवित्रला आणखी जागा द्या असं हक्काने मागू. पण कामाच्या तासांबद्दल चाहत्यांपैकी फार थोडे बोलले, आणि बोलले तेही आठवडाभर. आपलं प्रेम जर त्या रेषांवर असेल, तर रेषा काढणाऱ्या हातांबद्दल आपण एवढे गप्प का? माझं सगळं गाऱ्हाणं हेच आहे. सिनेमा २०२७ ला येवो नाहीतर त्यानंतर, हजार माणसं रात्री घरी जाऊन झोपत असतील तर मला थांबायला आवडेल.

तुला हे पटणार नाही याची मला अर्धी खात्री आहे. तू लिहिशील की तिकीट घेतल्यावर ही विवंचना प्रेक्षकाने का करायची. लिही, पण कारणं देऊन लिही.

आणि एक विचारायचं राहिलं. चिरंजीवांना कुणाची बाजू पटली? तुझ्या पत्रात त्याचं मत कुठेच नाही. त्याला म्हणावं, काकाला दोन ओळी स्वतःच्या हाताने पाठव, आणि जमलं तर पवित्रचं चित्रही. पाहून काढलेलं नको, आठवून काढलेलं हवं. इथे वर्गातल्या भिंतीवर लावीन.

वहिनींना नमस्कार, लेकराला आशीर्वाद. आईची तब्येत आता ठीक आहे, काळजी करू नकोस.

तुझा,
पद्या