सर, लहान गट आमच्या हाती दिलात त्याबद्दल

आदरणीय सर,

सादर नमस्कार.

हे पत्र घरी येऊनही देता आलं असतं, पण मुद्दाम चारचौघांत लिहितेय. आपल्या खो-खोच्या मैदानाविषयी छापून येतं ते चषक आल्यावर. फोटोत कर्णधार मधे आणि तुम्ही कडेला. जिल्ह्याच्या संघात आपल्या किती मुली गेल्या हे गावाला तोंडपाठ आहे. पण नववी-दहावीतल्या मुलींच्या हाती तुम्ही तिसरी-चौथीतली पोरं सोपवायचात आणि त्यातून आम्ही घडलो, याबद्दल कुणी तुमचे आभार मानल्याचं मला आठवत नाही. म्हणून हे पत्र.

ज्यांनी आपलं मैदान पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. शाळा सुटली की आधी लहान गटाचा सराव व्हायचा, आमचा नंतर. मैदानावर पाणी मारायचं, दोरी ताणून फक्कीच्या पांढऱ्या रेषा मारायच्या, खांब हलतोय का बघायचं, हजेरी घ्यायची, आणि मग प्रत्येकीकडे पोरांचा एक गट. शिट्टी आमच्या गळ्यात. तुम्ही बाभळीखाली खुर्ची टाकून बसलेले. सुरुवातीला काही पालक तुमच्याकडे यायचे, "सर, तुम्ही असताना पोरी का शिकवतात?" तुम्ही शांतपणे आमच्याकडे बोट दाखवायचात. "गट तिचा आहे, तिला विचारा." बापाच्या वयाचा माणूस समोर येऊन आपल्या मुलाबद्दल विचारतो, तेव्हा त्या मुलाविषयी खरंच काहीतरी माहीत असावं लागतं. तो बसताना वजन कुठल्या पायावर टाकतो, आवाज देऊन खो देतो की नुसता हात लावतो, घरून खाऊन येतो की उपाशी. आम्ही ते बघायला लागलो, कारण उत्तर आम्हालाच द्यायचं होतं. आणि मुलांसमोर तुम्ही आमचं म्हणणं कधी खोडलं नाहीत. काही सांगायचं असेल तर सगळे गेल्यावर, साहित्य आत ठेवता ठेवता सांगायचात.

वहीची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी.

खो-खोत पाठलाग करणारीला मधली पाटी, म्हणजे बसलेल्यांची रांग, ओलांडता येत नाही आणि एकदा दिशा धरली की उलटं फिरता येत नाही. गडी पलीकडे गेला की पलीकडे तोंड करून बसलेलीला खो द्यावाच लागतो. आणि बसलेली कितीही चपळ असली तरी खो मिळाल्याशिवाय उठली तर नियमभंग. लहान मुलं खेळतात तेव्हा हा खो ठरावीक तिघा-चौघांतच फिरतो. एक तर जी जोरात पळतात त्यांच्यात, नाहीतर एका गल्लीतल्यांत. बाकीची डावभर बसून राहतात आणि ते कुणाच्या लक्षातही येत नाही, कारण सगळ्यांचे डोळे पळणाऱ्याकडे. तुम्ही मला एक दोनशे पानी वही दिलीत. "पळणाऱ्यांकडे मी बघतो. तू बसलेल्यांकडे बघ. कोण किती वेळा उठलं, एवढंच लिही."

त्या वहीत एका नावापुढे रोज शून्य पडायचं. ती ऊसतोड कामगाराची मुलगी, बीडकडची. कारखाना सुरू झाला की ओढ्यापलीकडे कोप्या, म्हणजे त्यांच्या झोपड्या, पडायच्या, तिथून ती धाकट्या भावाला कडेवर घेऊन यायची. त्याला फक्कीच्या पोत्याशेजारी बसवायची आणि रांगेत येऊन बसायची. तिला कुणी खो द्यायचं नाही. मी विचारलं तर आमच्या पोरांचं उत्तर तयार होतं, "ताई, पट्टा पडला की ती जाणारच आहे." पट्टा पडणं म्हणजे कारखान्याचा हंगाम संपणं. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं, म्हणूनच ते मला जास्त लागलं.

मी तुमच्याकडे आले तेव्हा वाटलं होतं, तुम्ही उठाल आणि सगळ्यांना झापाल. तुम्ही विचारलंत, "तुला काय करावंसं वाटतं?" आणि मी बोलेपर्यंत गप्प राहिलात. दुसऱ्या दिवशी मी सरावापुरता नियम केला की बसलेल्या आठही जणांना एकेकदा खो मिळाल्याशिवाय कुणी बाद धरलं जाणार नाही. आधी भांडणं झाली, रुसवेफुगवे झाले. मग पोरांच्याच ध्यानात आलं की ती मुलगी खो ऐकताच बाणासारखी सुटते. बाद झालेली पोरं आळीपाळीने तिच्या भावाला सांभाळायला लागली, तेही त्यांनी आपणहून ठरवलं.

पट्टा पडला आणि ती गेली. एवढं शिकवून काय उपयोग झाला, असं मी तुम्हाला जरा रागानेच विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, "पुढच्या गावात मैदान असेल, तर तिला खेळ येतो." एवढंच. एका हंगामापुरत्या आलेल्या मुलीलाही पुरतं शिकवायचं, हे तुमच्या मैदानावर कधी वादाचं नव्हतं. मला याचा फार अभिमान वाटतो.

तालुक्याच्या स्पर्धेसाठी बारा जणांची यादीही तुम्ही आम्हालाच करायला लावायचात. यादी करणं सोपं होतं, अवघड होतं ते राहिलेल्यांना सांगणं. तुमची ताकीद होती की फलकावर नावं लागायच्या आधी त्यांना एकेकटं भेटायचं, आणि उद्या तिला काय काम द्यायचं ते ठरवूनच "या वेळी नाही" म्हणायचं. एका मुलीने मला विचारलं होतं, "मग मी उद्या येऊ का?" तिच्यासाठी काम ठरलेलं होतं, म्हणून मी लगेच सांगू शकले की उद्या पळणारी किती वेळ टिकते ती वेळ तू घ्यायची आहेस, घड्याळ तुझ्याकडे. ती आली.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, तेव्हा मी कोल्हापूरला वसतिगृहात होते. दोन्ही भारतीय संघांचे कर्णधार आपल्या महाराष्ट्राचे, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर. अंतिम सामन्यांत मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं आणि मुलांनी ५४-३६. आमचा अख्खा मजला ओरडत होता. मीही ओरडत होते, पण माझी नजर बसलेल्यांवर होती. कोण कुणाकडे बघतंय, खो यायच्या आधीच अंग कसं तयार आहे. ती नजर तुम्ही दिलीत, सर.

आता बी.पी.एड., म्हणजे शारीरिक शिक्षणाची पदवी, करताना अनोळखी शाळांत जाऊन पाठ घ्यावे लागतात. पन्नास पोरं, एकही ओळखीचं नाही. माझ्या बरोबरीच्या मुली विचारतात, तुला भीती कशी वाटत नाही? भीती वाटते. पण मागच्या रांगेत कोण गप्प आहे ते मला पहिल्या पाच मिनिटांत दिसतं, आणि तिथून सुरुवात करता येते.

मे महिन्याच्या शिबिराला मी येतेय, पूर्ण दिवस. एक विनंती आहे. लहान गट माझ्याकडे देऊ नका. आठवीतल्या ज्या दोघी हल्ली तुमच्या मागे मागे फिरतात, त्यांच्याकडे द्या. वही मी घेऊन येते.

आपली विद्यार्थिनी