तांडेल काकांना, तिसऱ्या पायरीबद्दल

तांडेल काका, सप्रेम नमस्कार.

परवा आमच्या चित्रपटाच्या संकलनात धक्क्याचा प्रसंग पहिल्यांदा सलग लागला. आई पायरीवर, मुलगा होडीत, आणि आठही शॉटांत पाणी तिसऱ्याच पायरीला. दिग्दर्शक पोरगा एक शब्द बोलला नाही, नुसता तो तुकडा तीनदा लावून बघितला. म्हणून हे पत्र, चारचौघांत.

मावळतीचा कामाचा उजेड मिळतो जेमतेम चाळीस मिनिटं. तेवढ्यात एकच संवाद आधी लांबून, मग आईच्या बाजूने, मग मुलाच्या बाजूने, असा पुन्हा पुन्हा घ्यायचा. मध्येच पाणी दोन पायऱ्या उतरलं, की जोडताना होडी लिफ्टसारखी वरखाली होते. दिवस फुकट जातो, आणि कॅमेरा-लेन्सचं भाडं तर दिवसावर. पहिल्या चित्रपटाच्या खिशाला असे दोन दिवस झेपत नाहीत.

‘मालवणकडचं सगळं बघतो’ म्हणून आगाऊ रक्कम घेणाऱ्या शहरातल्या गृहस्थांनी पौर्णिमा ठरवून दिली होती. का, तर चंद्र छान येतो! पौर्णिमेला संध्याकाळी सहाच्या सुमाराला पुरी सुकती, म्हणजे ओहोटी, तीही उधाणाची. होडी चिखलात. मग फोन बंद.

तुम्ही भिंतीवरचं कालनिर्णय बघितलंत आणि तिथीची पाऊणपट केलीत. आठ पाऊण सहा, म्हणजे अष्टमीला सहाला भरती, नवमीला पावणेसातला. शिवाय अष्टमीचा भांग, पाणी चढतं कमी नि उतरतं कमी. भरती पुरी झाल्यावर पहिल्या तासात एकूण उतरणीचा बारावा हिस्साच ओसरतो. तिसऱ्या आणि चौथ्या तासात मात्र चौथाई-चौथाई. सहाला सुरुवात केली की उजेड संपेपर्यंत पाणी जवळजवळ जागेवर. हे गणित फिल्मच्या शाळेत कोणी शिकवत नाही.

पण गणितापेक्षा मनात राहिली ती रेघ. अष्टमीच्या सकाळी तुम्ही विटेचा तुकडा घेऊन तिसऱ्या पायरीवर आडवी रेघ ओढलीत. “पाणी हयसर इला काय माका हाक मारा.” आणि पाणी तिथे आल्यावर इंजिन बंद करून, चौकटीबाहेर वाकून, दोरी कधी ताणत कधी सैल सोडत होडी धरून राहिलात. उलांडी, म्हणजे होडीच्या बाजूला तोल राखणारं लाकूड, एकदाही पायरीला लागली नाही, त्यामुळे संवादावर खट्‌ असा आवाजही नाही. पैसे घेतलेत फक्त डिझेलचे.

सत्यजित रायसुद्धा जाहिरात कंपनीतली नोकरी सांभाळून सुट्टीच्या दिवशी पहिला चित्रपट करत होते. १९५२ मध्ये काशफुलांत चित्रण सुरू केलं, पुढच्या रविवारी जाऊन बघतात तर गुरांनी फुलं फस्त केलेली. पुढच्या मोसमापर्यंत थांबावं लागलं. गुरं कुठे चरतात हे गावातल्या पोरालाही ठाऊक असतं. विचारायचं सुचत नाही, एवढंच. आणि विचारलं तर हसून, वेळ काढून सांगणारी तुमच्यासारखी माणसं कोकणात अजून आहेत. श्रेयनामावलीत त्यांच्यासाठी धड रकानासुद्धा नसतो. आम्ही ‘भरती-ओहोटी’ असा एक केलाय, त्यात तुमचं एकट्याचं नाव.

प्रोजेक्टर आणि पांढरी चादर घेऊन येतो. तिथी तुम्हीच कळवा, होडी धक्क्याला असेल अशी.

तुमचीच,
धक्क्यावर उगाच घाई करणारी मंडळी