मॅडम, त्या मुठीबद्दल थँक्यू

मॅडम, नमस्कार. असलं जाहीर लिहिलेलं तुम्हाला आवडत नाही माहितीये, "काय गं, कामंधामं नाहीत का?" म्हणणारच तुम्ही. पण तुमच्या निरोप समारंभात माईक हातात घेऊन मी नुसती रडले, दोन वाक्यं पण धड बोलले नाही, ते डोक्यातून जातच नाहीये. म्हणून लिहिते.

सगळे तुमच्या तीस वर्षांच्या रिसर्चवर बोलले. धर्म, आरोग्य, समाज, पेपर, सेमिनार, शाली-श्रीफळ. मला मात्र एमआरआयच्या खोलीबाहेरचं ते बाकडं आठवत होतं.

आईला फिट यायला लागल्या तेव्हा मी मिरजेत फील्डवर्क करत होते. गुरुवारी मीरासाहेबांच्या दर्ग्यात बसून बायकांशी बोलायचं, नोट्स काढायच्या. आणि एका गुरुवारी गपचूप आईलाच घेऊन गेले. दंडात काळ्या दोऱ्यातला पत्र्याचा तावीज. पीएचडी करणारी मुलगी मी, कुणाला सांगायची पण लाज वाटली. नंतर पहिल्या दवाखान्यात एमआरआयला नेलं तर तिथल्या माणसाने काही न विचारता कात्रीने दोरा कापला आणि तावीज कचऱ्याच्या डब्यात. वर डॉक्टर मला म्हणतात, "तुम्ही शिकलेल्या ना?" धातू आत चालत नाही हे कळतं हो, पण काढायची काही रीत? त्या दिवसापासून आईने गोळ्या बंद केल्या. जिभेखाली ठेवायची आणि मोरीत थुंकायची.

माझे आधीचे गाइड याच्यावर काय म्हणाले तर, "हे घरगुती आहे, थीसिसमध्ये आणू नका." त्यांच्या प्रश्नावलीत एक रकानाच होता, अंधश्रद्धा आहे / नाही, टिक करा. तुम्ही तो रकाना पेनने खोडलात आणि बाजूला लिहिलंत, "आधी कुठे गेलात, मग कुठे, सोबत कोण होतं?" या एवढ्या बदलाने माझं अख्खं काम फिरलं, कारण लोक दर्गा की डॉक्टर असं निवडतच नव्हते, सकाळी ओपीडीचा नंबर लावायचा आणि दुपारी दर्ग्यात टेकायचं असंच सगळ्यांचं चाललेलं होतं.

आणि मग दुसऱ्या एमआरआयला तुम्ही स्वतः आलात. देवाला हात न जोडणाऱ्या तुम्ही. आईने परत नवा तावीज बांधलेला. तुम्ही तिच्या शेजारी बसलात, म्हणालात, "आई, आत लोखंड चालत नाही. तुमचं होईपर्यंत मी सांभाळू का?" आई बराच वेळ तुमच्याकडे बघत राहिली आणि मग तिने दंड पुढे केला. गाठ सुटेना, नखाने सोडवलीत, कात्री मागितली नाहीत. मी पर्स पुढे केली तर मान हलवलीत. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं तो तावीज उजव्या मुठीत. चहा आला तो डाव्या हाताने प्यालात. आई बाहेर आली तेव्हा मूठ उघडून आधी तिला दाखवलात आणि विचारलंत, "गाठी किती होत्या?" तीन, म्हणाली. तीन मारल्यात.

त्या रात्री आईने गोळी गिळली. फिट थांबल्या त्या गोळीनेच, हे मी पण म्हणते, तुम्ही पण म्हणता. पण गोळी पोटात गेली कशी, हे कुठल्या रिपोर्टात येतं?

तुमचं ते 1897 सालावरचं लेक्चर मला तेव्हा कळलं. तिकडे फ्रान्समध्ये समाजशास्त्रज्ञ दर्खाइमचं आत्महत्येवरचं पुस्तक आलं, प्रोटेस्टंटांत आत्महत्या कॅथलिकांपेक्षा जास्त का हे तो आकडे मांडून विचारतोय, आणि त्याच वर्षी इकडे पुण्यात प्लेगच्या तपासणीला सोजीर बुटांसकट देवघरात शिरतायत, 22 जूनला त्या तपासणीच्या प्रमुखावर, रँडवर, गोळ्या झाडल्या गेल्या. प्लेग खरा होता, तपासणी पण हवीच होती, मग लोक आजारी माणसं लपवत का होते, असं विचारून तुम्ही फळा पुसलात आणि निघून गेलात. वर्गात कुणालाच उत्तर आलं नाही. मला कात्री बघितल्यावर आलं.

आणि तुम्ही श्रद्धेचं कौतुक करणाऱ्यातल्या नाही, हे पण सांगायलाच हवं. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ बरं व्हायला आणून ठेवलेली, साखळीने बांधलेली 28 मनोरुग्ण माणसं 6 ऑगस्ट 2001 ला आगीत गेली, ते शिकवताना तुमचा आवाज बदलायचा. साप-विंचू चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून गंडादोरा करणाऱ्याला 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली आत टाकलंच पाहिजे, असं तुम्ही दर्ग्याच्या पायरीवर बसून पण ठणकावून बोलायचात. तरी तिथली माणसं तुम्हाला चहा पाजायची!

आईला तुमचं नाव अजून लक्षात राहत नाही. "त्या मुठीवाल्या बाई" म्हणते. तुमच्यासाठी तिने शेंगदाण्याची चटणी कुटून ठेवलीये, तिखट कमी घातलंय. येत्या गुरुवारी दुपारी घेऊन येते, घरी असा.