सूनबाई, माउस माझ्या हातात ठेवलास म्हणून

दुसऱ्या मजल्यावरच्या सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

समोर बसून आभार मानले असते तर तू "काय काकू तुम्ही पण" म्हणत उठून गेली असतीस. म्हणून हे लिहितेय, आणि सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय.

ठाण्याच्या नौपाड्यातली आपली जुनी बिल्डिंग, 32 बिऱ्हाडं, आणि खजिनदारकी माझ्या गळ्यात पडली. आधीच्या खजिनदारांनी वहीऐवजी एक्सेलची फाइल हातात ठेवली. नोकरीत असताना मी एक्सेल पाहिलं होतं, पण ते 2007 च्या आधीचं, मेनूवालं. आता वर ही रिबन, म्हणजे बटणांची रुंद पट्टी, पसरलेली. लेकाला विचारलं तर त्याने माउस काढून घेतला, टकटक केलं आणि "झालं बघ" म्हणाला. काय झालं ते त्यालाच ठाऊक.

तू आलीस, खुर्ची ओढून बसलीस आणि हात मांडीवरच ठेवलेस. आठवडाभर सकाळच्या लोकलमध्ये चेंगरून जाणारी मुलगी रविवारची दुपार माझ्यासाठी घालवते, याचंच मला अवघडल्यासारखं झालं होतं. रिबनकडे बघूच नका म्हणालीस, कंट्रोल आणि एफ1 दाबायला लावून ती मिटवूनच टाकलीस. मग डावीकडे वर एक छोटी पेटी दाखवलीस, नेम बॉक्स. "काकू, तुमच्या घरी जा." मी बी12 टाइप केलं, एंटर दाबलं, आणि चौकोन बरोब्बर बी रकान्यातल्या बाराव्या ओळीत जाऊन बसला. आमचा फ्लॅट बी-12! चौकोनाचा, म्हणजे सेलचा, पत्ता म्हणजे काय, हे त्यानंतर समजावून सांगायची गरज उरली नाही.

"आता तळाला जा." रिकाम्या रकान्यात कंट्रोल आणि खालचा बाण दाबला तर एकदम 10,48,576 वी ओळ. माझ्या पोटात गोळा आला, सोसायटीचा हिशेब गेला कुठे! तू हसलीस आणि कंट्रोल-होम दाबायला सांगितलंस. हिशेब जागेवर. एका रकान्यात तर नुसते ##### आले होते. मी काहीतरी मोडलं असं समजून कपाळाला हात लावला. रकाना अरुंद होता, एवढंच. रकान्याच्या वरच्या अक्षराच्या उजव्या कडेवर दोनदा क्लिक केल्यावर आकडे दिसायला लागले.

पण खरं ऋण एप्रिलमधल्या हिशेबाचं. हप्ता प्रत्येकी 2,500 म्हणजे 80,000 व्हायला हवेत. आकडे निवडले की खालच्या पट्टीत बेरीज आपोआप दिसते हे तू दाखवलं होतंसच, तर तिथे 77,500. काउंट मात्र 32. म्हणजे सगळ्यांचे भरलेले, तरी एकाचे कमी! मी पासबुक तीनदा तपासलं, मनातल्या मनात चौथ्या मजल्यावर संशयही घेऊन झाला (देवा, क्षमा कर). तू उत्तर सांगितलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "काकू, डावीकडे कोण चिकटलंय बघा." एकतीस आकडे उजव्या कडेला टेकलेले आणि एकच डावीकडे. त्यावर क्लिक करून फॉर्म्युला बारमध्ये बघितलं तर "2500 रु." असं लिहिलेलं. त्या "रु."मुळे एक्सेलने त्याला आकडा न मानता मजकूर मानलं. काउंट भरलेले सगळेच सेल मोजतो, बेरीज फक्त आकड्यांची होते. आणि तो हप्ता कोणाचा? आमचाच. लिहिला कोणी? मीच.

ते "रु." मी माझ्या हाताने खोडलं आणि 80,000 झाले. तेव्हा झालेला आनंद बँकेतून निवृत्त होतानाही झाला नव्हता.

आता वरची ओळ गोठवून ठेवते, खाली कितीही गेलं तरी मथळे दिसत राहतात. 30 सप्टेंबरच्या आत सर्वसाधारण सभा घ्यायची आहे, कागद तयार आहेत. फक्त सिंकिंग फंडाचं (मोठ्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांचं) शीट वेगळं आहे, त्यातली बेरीज पहिल्या शीटवर कशी आणायची ते अडलंय.

तुझा स्टीलचा डबा अजून माझ्याकडेच आहे. रिकामा पाठवायचा नाही म्हणून राहिलाय. रविवारी अळूवड्या करतेय, त्या शीटचंही तेव्हाच बघू. माउस मीच धरीन.

तुझी,
बी-12 मधली काकू