तोलाच्या फळीची गोलाई कमरेच्या उंचीवर ठरवा

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बागोबागी खुल्या व्यायामशाळा झाल्या. हात, पाय, कंबर यांसाठी तिथे यंत्रे आहेत. तोलासाठी सहसा काहीच नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत मात्र पासष्टीपुढच्यांनी तोल आणि ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून किमान ३ दिवस करावेत, असे म्हटले आहे. मग हौशी मंडळी घरीच वर उभे राहून तोल सांभाळायची डुलती फळी करतात. तिच्याखाली पाइपचा तुकडा नाहीतर अर्धा चेंडू बसवतात आणि चुकतात ते इथेच. सुट्या पाइपवरची फळी एका बाजूला सटकते आणि माणूस पाठीवर आपटतो.

खालची गोलाई किती, यावर सगळा खेळ आहे. ताठ उभ्या माणसाचे वजन साधारण बेंबीच्या खाली एकवटते. १६० सेंमी उंचीच्या माणसात ते जमिनीपासून सुमारे ९० सेंमीवर येते, फळीवर चढल्यावर ९७ च्या आसपास. गोलाईची त्रिज्या याहून मोठी असेल तर कललेली फळी आपणहून सपाट व्हायला बघते. त्रिज्या लहान असेल तर ती आणखी कलते आणि सगळा भार घोट्यांवर येतो. अर्ध्या चेंडूची त्रिज्या फार तर ८-१० सेंमी. तो खेळाडूंसाठी ठीक, आजीआजोबांसाठी नाही. सुरुवातीला १२० सेंमी त्रिज्या धरावी.

वरची फळी ५० बाय ४० सेंमी, १८ मिमी प्लायची. फर्निचरवाल्याकडचा कटपीस चालतो. १२ मिमी प्लाय पायाखाली लवतो आणि आपण डुललो की फळी वाकली, हे कळेनासे होते. भुशाची पार्टिकल बोर्ड नकोच. लादी पुसताना ती पाणी पिऊन फुगते आणि स्क्रू सुटतात. प्लायच्या वरच्या थराचे रेषे ४० सेंमीच्या दिशेने, म्हणजे खाली बसवायच्या दोन कमानदार पट्ट्यांपैकी एकीकडून दुसरीकडे जायला हवेत.

खालच्या दोन पट्ट्या भरीव लाकडाच्या, ५० सेंमी लांब, साडेतीन सेंमी जाड. मध्यावर उंची ५.५ सेंमी, टोकांना २.९. एका बारीक काठीत १२० सेंमी अंतरावर खिळा आणि पेन्सिल बसवून कमान काढावी. दोरी वापरू नये, ती ताणली जाते. या मापात फळी दोन्हीकडे सुमारे १२ अंश कलते आणि टोक जमिनीला टेकून थांबते. पट्ट्या फळीइतक्याच लांब हव्यात. आखूड ठेवल्या आणि पाय टोकाबाहेर पडला, तर फळी पालथी होते.

दोन्ही पट्ट्या एकत्र आवळून एकदमच कापाव्यात आणि पॉलिश पेपरही एकदमच मारावा. वेगवेगळ्या घासल्या की दोन मिलिमीटरचा फरक राहतो आणि फळी तिरकी लंगडते. हा दोष मागाहून काढणे कटकटीचे, नवी पट्टी कापलेली परवडते.

पट्ट्या कडेपासून ४ सेंमी आत घ्याव्यात. वरून ३ मिमीचे भोक पाडून, लाकडाचा गोंद लावून प्रत्येक पट्टीला चार स्क्रू मारावेत आणि डोकी प्लायच्या आत बुडवावीत. मधले दोन स्क्रू ५० मिमीचे, टोकांचे ३८ मिमीचे. अगदी टोकाला प्लाय आणि लाकूड मिळून ४७ मिमीच भरते, तिथे ५० चा स्क्रू खालून बाहेर डोकावतो आणि लादीवर ओरखडे काढतो.

गुळगुळीत टाइल्सवर नुसते लाकूड घसरते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी उभी कापून, पंक्चरवाल्याकडच्या सोल्युशनने कमानीला चिकटवावी. खिळे हवेच असतील तर फक्त टोकांच्या उभ्या कापावर. वर रेघांची रबरी चटई कडेपर्यंत चिकटवावी. पॉलिश पेपर किंवा काथ्या नको. मधुमेहाने तळवे बधिर झालेल्यांना सोलल्याचे कळतही नाही. त्यांनी चढण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि बूट घालूनच चढावे.

आधी जमिनीवर एका पायाच्या टाचेला दुसऱ्याचा अंगठा लावून १० सेकंद उभे राहता येते का, ते पाहावे. येत नसेल तर फळी दूर ठेवून तेच करत राहावे. अलीकडे चक्कर आली असेल किंवा हाड मोडले असेल तरीही फळी नको.

फळी स्वयंपाकघरातल्या ओट्यासमोर ठेवावी, गॅस बंद करून. मागे भिंत किंवा जड खुर्ची असावी. प्लास्टिकची खुर्ची आपल्याबरोबरच पडते. पहिले दोन आठवडे दोन्ही टोकांखाली टॉवेलची घडी सरकवली की कल निम्म्यावर येतो. नजर समोर, हात ओट्यावर, फळी सपाट धरून ३० सेकंद, असे पाच वेळा. जोरात डुलण्याने काही साधत नाही. हे जमले की एका हाताची फक्त बोटे टेकवावीत. फळी काटकोनात फिरवून मागेपुढे कलणे बरेच अवघड असते, त्याची घाई नको.

माणसे पडतात ती बहुधा चढता-उतरताना. एक बाजू पायाने जमिनीला टेकवायची, त्याच पायावर भार देऊन दुसरा पाय वर घ्यायचा. उतरताना पुन्हा तीच बाजू टेकवूनच. सपाट फळीच्या मध्यावर पाऊल टाकू नये.

आणि व्यायाम झाला की फळी उचलून दाराआड उभी करावी. रात्री पाणी प्यायला उठलेला माणूस अंधारात तिच्यावरच पाय देतो.

आपले,
एक फिजिओथेरपिस्ट व एक सुतारकाम करणारे, पुणे